एक्स्टेंशन चारशे बाराची उत्तरपूजा

"वस्तू निवडायची कशी, ते माझ्याकडून शिकावं," असं उन्मेष सोहोनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "लग्नाला अकरा वर्षं झाली. माझ्या हातून घरात आलेली एकही वस्तू परत पाठवायची वेळ आलेली नाही."

हे खरं होतं. त्याची बायको ऋता त्याचं कारण मात्र वेगळं सांगायची. परत पाठवायला वस्तू आधी घरात यावी लागते, आणि उन्मेषचं निवडून होईपर्यंत तिची गरजच संपलेली असते, असं तिचं म्हणणं. कूलर निवडून झाला तेव्हा नोव्हेंबर लागला होता. मुग्धाची तीनचाकी सायकल निवडून झाली तेव्हा मुग्धा दोनचाकी चालवत होती.

या वेळी मात्र मुदत होती. ऋता रेल्वेत अधिकारी. तिची बदली कोलकात्याला झाली, गार्डन रीचच्या मुख्यालयात, आणि राहायला तिथल्याच कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर ऐसपैस क्वार्टर मिळालं. उन्मेष पुण्याच्या एका विमा कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकायच्या खात्यात होता. तक्रारी काय, कुठूनही ऐकता येतात, असं त्याने वरच्यांना पटवलं आणि तीन महिन्यांच्या बोलीवर घरून काम करायची परवानगी काढली. अट अशी की टेबलावर इंटरनेटवर चालणारा फोन हवा, मोबाइल चालणार नाही. डोक्यावर बिनवायरचा हेडसेट हवा. आणि सतरा सप्टेंबरला सकाळी अकराला क्वालिटीच्या लीना मॅडम पुण्याहून फोन करून पंधरा मिनिटं आवाज तपासणार. पास झाला तर कोलकात्यात राहायचं. नापास झाला तर एक तारखेला पुण्यात हजर व्हायचं, म्हणजे ऋता आणि सात वर्षांची मुग्धा इकडे आणि हा तिकडे. मुग्धाने कॅलेंडरवर सतरा तारखेभोवती लाल गोल काढून त्यात बाबाचं तोंड काढलं होतं. तोंड रडकं होतं.

उन्मेषने बाह्या सरसावल्या आणि एक्सेल उघडलं. चौदा फोन, एकतीस रकाने. बटणं किती, स्क्रीन केवढी, घंटा किती सुरांत वाजते, रिसीव्हरचं वजन किती ग्रॅम. हेडसेटचा तक्ता वेगळा. एका कानाचा घ्यावा की दोन कानांचा, यावर त्याचे चार दिवस गेले. एका कानाचा घेतला तर दुसऱ्या कानाने घरच्यांचं ऐकू येतं. दोन कानांचा घेतला तर येत नाही. तो मुद्दा त्याने फायद्यांच्या रकान्यात लिहिला आणि ऋता येताना दिसल्यावर तोट्यांच्या रकान्यात हलवला. शेवटी दोन कानांचा ठरला. त्याची पोच शंभर मीटर होती. घराची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा मीटर.

"उरलेल्या शहाऐंशी मीटरचं काय करणार?" ऋताने विचारलं.

"असू दे की. पुढे मोठं घर मिळालं तर?"

फोन आला. काळा, चकचकीत, बत्तीस बटणांचा. उन्मेषने तो टेबलावर ठेवला, इंटरनेटची वायर खोचली आणि वाट पाहत बसला. फोन मेलेला. खोकं उलटंपालटं करून झालं, थर्मोकोल फोडून झाला, पण विजेची पिन कुठेच नाही. एकतिसावा रकाना फोनच्या रंगाचा होता. फोनला वीज कुठून मिळते, हा रकानाच नव्हता.

मग बस धरून एस्प्लनेडचा बाजार. तिथे एका गल्लीत नित्यगोपाल बाबूंचं दुकान होतं. दुकान म्हणजे काउंटरमागे एक माणूस आणि त्याच्यामागे छतापर्यंत वायरी. नित्यगोपाल बाबूंनी आधी दोन भांड, म्हणजे मातीचे दोन पेले, चहा मागवला, फोन उलटा केला, सुलटा केला आणि डोळे मिटले. मग हिंदीत समजावलं, की दादा, हा ऑफिसातला फोन आहे. हा वीज इंटरनेटच्याच वायरीतून पितो. ऑफिसात त्या वायरीत वीज असते, घरच्या वायरीत नसते. तुम्ही मासा आणलात आणि पाणी तळ्यातच ठेवलंत.

उन्मेषने ताबडतोब सांगून टाकलं की हे आपल्याला ठाऊक होतं, फक्त खात्री करायला आलो.

"होय, होय," नित्यगोपाल बाबू म्हणाले. "सगळे खात्री करायलाच येतात."

त्यांनी वायरीत वीज सोडणारा एक डबा दिला. मग हेडसेटकडे पाहून पुन्हा डोळे मिटले. हेडसेटवरून फोन उचलायचा तर या दोघांना जोडणारी एक खास वायर लागते, आणि या फोनसाठीची वायर आता निघत नाही. उन्मेषचा चेहरा पाहून त्यांना दया आली. ते शिडीवर चढले आणि सगळ्यात वरच्या फळीवरून एक धुळकट खोकं घेऊन उतरले. आत एक लिफ्टर होता. साबणाच्या वडीएवढं यंत्र, त्याला एक छोटा हात. हे रिसीव्हरच्या खाली बसवायचं. घरात कुठेही असताना हेडसेटचं बटण दाबलं की तो हात रिसीव्हर खरोखरच बोटभर वर उचलतो. बोलणं संपलं की खाली ठेवतो. पूर्वी साहेबलोक वापरायचे, म्हणाले. शेवटचा नग आहे. परत घेणार नाही.

उन्मेषला ते इतकं आवडलं की त्याने एक्सेलमध्ये बत्तिसावा रकाना काढून त्यात नुसतं "वा" लिहिलं.

घरी हे यंत्र आईला कसं दिसेल, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नाही. महिनाभरापूर्वी त्याची आई सुनंदाबाई साताऱ्याहून नातीजवळ राहायला आल्या होत्या. यंत्र बसवलं त्या दुपारी त्या टेबल पुसत होत्या. उन्मेष स्वयंपाकघरात उभ्याने चिवडा खात होता, तेवढ्यात कंपनीचा फोन आला आणि त्याने कानाजवळचं बटण दाबलं. सुनंदाबाईंच्या डोळ्यांसमोर, कुणीही हात न लावता, "कुंईऽऽ" असा आवाज करत रिसीव्हर वर उठला. त्या फडकं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. पाच मिनिटांनी तो पुन्हा "कुंईऽऽ" करत खाली बसला. सुनंदाबाईंनी फडकं बाजूला ठेवलं, चपला काढल्या आणि नमस्कार केला. उन्मेषने त्यांना मोटर दाखवली, छोटा हात दाखवला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मोटर असेल रे. मोटर सगळ्यांच्याच घरी असते. पण हे आपल्या घरी आलं."

सतरा तारीख उजाडली. ऋता सकाळी आठलाच बाहेर पडली, कारण त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती आणि तीन वर्कशॉपांतल्या पूजांना तिला साहेब म्हणून हजेरी लावायची होती. सगळ्या गार्डन रीचमध्ये त्या दिवशी यंत्रं सुट्टीवर. क्रेन, लेथ, रिक्षा, बस, सगळ्यांना हार. आकाशात पतंग. आणि कॉलनीच्या फाटकाजवळच्या विजेच्या शेडमध्ये मांडव घातलेला, त्यावर दोन भोंगे, दोन्हींची तोंडं सोहोन्यांच्या खिडकीकडे.

उन्मेष शांत होता. आजूबाजूचा आवाज गाळून फक्त बोलणाऱ्याचा आवाज पुढे पाठवायचा, हेच तर त्या हेडसेटचं काम. सव्वादहाला तो हेडसेट चढवून बाल्कनीत गेला आणि डोळे मिटून कंपनीचं स्वागताचं निवेदन पाठ म्हणत बसला.

आत मुग्धा आजीला सांगत होती. तिच्या शाळेला सुट्टी होती. तिचं मराठी या शहरात आल्यापासून जरा वेगळ्याच वाटेला लागलं होतं. "आज्जी, आज मशीनचा पूजा असतो. ज्या मशीनने बाबाचा काम होतो ना, त्याला फूल द्यायचा. मग मशीन आज बसून राहणार. कोणी हात नाही लावणार."

सुनंदाबाईंना एवढंच हवं होतं. आपल्याकडे खंडेनवमीला हेच तर करतात. आणि लेकाच्या नोकरीचा आजच निकाल. सगळं कसं जुळून आलं होतं.

पावणेअकराला उन्मेष डोळे उघडून आत आला आणि दारातच थांबला. फोनभोवती झेंडूचा हार होता. बत्तीस बटणांवर बत्तीस हळदीकुंकवाची बोटं होती. स्क्रीनवर स्वस्तिक. समोर नारळ, विडा, गूळखोबरं. रिसीव्हरवर लाल जास्वंद, आणि जास्वंदीच्या मागे, टाळूवर ठेवावी तशी, एक सुपारी. समोर निरांजन. आई हात जोडून बसलेली, मुग्धा घंटा वाजवतेय.

"आई, हे काय केलंस?"

"ये, ये. तुझीच वाट बघत होते. ते डोक्यावरचं राहिलंय," असं म्हणून सुनंदाबाई उठल्या. त्याने काही म्हणायच्या आत त्यांनी हेडसेटला कुंकू लावलं. हेडसेट डोक्यावर होता, म्हणून त्याला डोक्यासकट ओवाळलं. अक्षता टाकल्या. काही दाणे केसांत अडकले, एक डाव्या कानाच्या गादीत शिरला.

उन्मेषने घाईने हार काढायला हात पुढे केला.

"अंहं," सुनंदाबाई म्हणाल्या. "आता उद्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. ते डोक्यावरचंही नाही."

"आई, अगं आता पंधरा मिनिटांत फोन येणारे. नोकरीचा प्रश्न आहे."

"म्हणून तर पूजा केली."

"मग मी बोलायचं कसं?"

"बोलू नको कोण म्हणतंय? हात लावायचा नाही. तूच म्हणालास ना त्या दिवशी, याला हात लावावा लागत नाही म्हणून?"

चौदा फोन, बत्तीस रकाने, एस्प्लनेडची फेरी, आणि या सगळ्यातून त्याने नेमका सोवळ्यात चालणारा फोन निवडला होता. भांडायला वेळ नव्हता. शिवाय आतून त्याला कुठेतरी बरंही वाटत होतं, की आपली निवड अशीतशी नाही.

अकराला दोन मिनिटं असताना भोंग्यांवर ढाक, म्हणजे इथला मोठा ढोल, सुरू झाला. अकराला फोन वाजला. स्वस्तिकामागे "लीना, क्वालिटी" अशी अक्षरं उमटली. उन्मेषने कानाजवळचं बटण दाबलं.

"कुंईऽऽ" झालं. रिसीव्हर हलला. जास्वंदीसकट, हाराचा एक पदर ओढत, थरथरत वर आला. मुग्धाने टाळी वाजवली. सुनंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. रिसीव्हर तिरका झाला तशी सुपारी घरंगळली आणि खाली कुठेतरी गेली. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

लीना मॅडमनी काही बोलायच्या आधी अर्धा मिनिट नुसतं ऐकलं. मग म्हणाल्या, "उन्मेष, तुमच्याकडे फारच शांतता आहे."

"हो मॅडम," उन्मेष म्हणाला. खिडकीची तावदानं ढाकाने थडथडत होती.

"म्हणजे संशय येण्याइतकी. तुम्ही कोलकात्यातच आहात ना? तळघरात वगैरे नाही ना?"

तो घरातच आहे, दुसऱ्या मजल्यावर आहे, हे पटवल्यावर मॅडमनी त्याला कंपनीचं निवेदन दहा मिनिटं न थांबता वाचायला सांगितलं. उन्मेषने आवाज लावला. आपलं समाधान हेच आमचं ध्येय, आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे, कृपया आपला पॉलिसी क्रमांक जवळ ठेवावा. निरांजनासमोर, कपाळावर कुंकू, केसांत अक्षता, तो खर्जात वाचत होता आणि सुनंदाबाई मांडी घालून पोथी ऐकावी तशा ऐकत होत्या. पॉलिसी क्रमांक जवळ ठेवावा, हे वाक्य तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. शेवटी मुग्धाने सवयीने "बोला" म्हणायला तोंड उघडलं. उन्मेषने डोळे वटारले तेव्हा ते तसंच राहिलं.

सव्वाअकराला लीना मॅडम म्हणाल्या की इतका स्वच्छ आवाज त्यांच्या कानावर पुण्यातल्या ऑफिसातूनही आलेला नाही. पास.

उन्मेषने बटण दाबलं. रिसीव्हर "कुंईऽऽ" करत खाली आला आणि सुपारीवर बसला.

सुपारी नेमकी फोनच्या त्या खाचेत होती जिथे रिसीव्हर टेकला की फोन बंद होतो. रिसीव्हर टेकला नाही. बोटाच्या पेरभर वर राहिला, पण जास्वंद आणि हार यांच्यात ते कुणाला दिसणार? पुण्यातल्या कंपनीच्या संगणकाला एवढंच कळलं की एक्स्टेंशन चारशे बाराचा रिसीव्हर उचललेला आहे. रिसीव्हर उचललेला म्हणजे माणूस कामात आहे, असं त्या संगणकाला शिकवलेलं होतं.

त्या दिवशी उन्मेषला एकही फोन आला नाही. त्याने तो विश्वकर्म्याचा प्रसाद मानला, कॅलेंडरवरच्या आपल्या रडक्या तोंडाला पेनाने हसू काढलं आणि दुपारी बसल्या बसल्या डुलकी घेतली. डोक्यावर हेडसेट होताच. संध्याकाळी ऋता तीन पूजांची खिचडी पोटात घेऊन आली, तर नवरा कुंकू लावून, हेडसेट घालून, वरणभात खातोय. पास झालो, एवढं कळल्यावर तिने त्याच्या केसांतले तांदूळ एकेक करून वेचले आणि सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा हळूच म्हणाली, "आता हे उतरव की."

"आई म्हणतेय, उद्यापर्यंत हलवायचं नाही."

"मग झोपणार कसा?"

"उताणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला उत्तरपूजा झाली. सुनंदाबाईंनी अक्षता वाहिल्या, हार काढला, नारळ खोवायला नेला. सुपारी मुग्धाला सापडली. रिसीव्हर "खट्" करून जागेवर बसला. उन्मेषने सुपारीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि आपण काहीच पाहिलं नाही असं ठरवलं.

चार दिवसांनी, संध्याकाळी सव्वापाचला, लीना मॅडमचा फोन आला. आवाजात असा आदर होता की उन्मेष उभाच राहिला.

"उन्मेष, सतरा तारखेचा रिपोर्ट आमच्यासमोर आहे. तुम्ही सलग बावीस तास चाळीस मिनिटं लाइनवर होतात."

उन्मेषची नजर फोनच्या खाचेकडे गेली.

"जेवायलासुद्धा उठला नाहीत?"

"हेडसेट घालूनच जेवलो मॅडम," उन्मेष म्हणाला. हे खरं होतं.

"आणि झोप?"

"तीही तशीच." हेही खरं होतं.

सुपारीचं सांगावं की न सांगावं, याचा त्याने त्या क्षणी मनातल्या मनात तक्ता मांडला. सांगितलं तर पंधरा मिनिटांची तपासणीही रद्द होईल, पुन्हा पुणे. न सांगितलं तर फार तर शाबासकी. त्याने निवड केली. गप्प राहिला.

मॅडम म्हणाल्या, मी तुमचं नाव वर कळवलं होतं. ऑफिसात माणसं साडेबाराला डबा उघडतात ती अडीचला झाकण लावतात. तुमच्यासारख्यांकडून सगळ्यांनी शिकलं पाहिजे. मेल पाठवलाय, बघा.

मेल लॅपटॉपवर उघडा होता. ऋता त्या दिवशी लवकर घरी आलेली. दोघांनी एकदमच वाचला. उन्मेषला बढती मिळाली होती. कंपनीत नव्याने निघालेल्या घरून-काम विभागाचा तो प्रमुख झाला होता. बसण्याचं ठिकाण पुण्याचं मुख्य ऑफिस, सोमवार ते शनिवार, समक्ष हजेरी आवश्यक, एक तारखेपासून. नको असल्यास याच लॅपटॉपवरून, याच पानावर खाली दिलेलं "नकार" हे बटण आज संध्याकाळी सहाच्या आत दाबावं. न दाबल्यास होकार समजला जाईल. फोनवरून किंवा तोंडी कळवलेला नकार धरला जाणार नाही.

"दाब," ऋता म्हणाली.

"दाबतो. पण एकदा नीट विचार करून. दोन्ही बाजू मांडून बघू," असं म्हणून उन्मेषने कागद घेतला आणि मध्ये उभी रेघ ओढली.

ऋताने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. मग म्हणाली, "उन्मेष, एका बाजूला मी आणि मुग्धा. दुसऱ्या बाजूला काय लिहिणारेस?"

पावणेसहा झाले होते. उन्मेषने रेघेकडे पाहिलं आणि कान लाल होईपर्यंत लाजला. कागद चुरगाळून तो उठला, ऋताचा हात धरून तिला बाल्कनीत नेलं आणि तिथे तिला सुपारीचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ऋता इतकी हसली की खाली शेडमधले लोक वर बघायला लागले. पुण्याला जायचं नाही, आत्ताच्या आत्ता नकार द्यायचा, असं दोघांचं पक्कं ठरलं आणि ते आत आले.

मधल्या वेळात मुग्धाने आजीला सांगितलं होतं की बाबाला लॅपटॉपमध्ये बढती आली.

लॅपटॉपवर कुंकू होतं. कीबोर्डवर पेढ्यांची वाटी होती. सुनंदाबाईंनी नैवेद्याभोवती पळीने पाणी फिरवलं. त्यातलं थोडं बटणांमध्ये गेलं. सहाला सात मिनिटं कमी असताना लॅपटॉप बंद पडला.